भावजयीचा पुठ्ठ्याचा बोगदा

१२ एप्रिल २०२५, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. खोलीचे तापमान अडतीस अंश, प्रोसेसरचे पंच्याण्णव. त्याच क्षणी पडद्यावरचा ५.३ गिगाहर्ट्झचा आकडा खाली घसरला आणि दोन वर्षे टिकलेले माझे सेटिंग नापास झाले. खोलीत आम्ही तिघे होतो: मी, माझा धाकटा भाऊ आणि फेब्रुवारीत लग्न होऊन आमच्या घरी आलेली त्याची बायको. ती दाराशी खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती.

“घसरला की,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते, कारण कुत्सित माणसाचा राग निवांतपणे करता येतो. तिने फक्त एक निरीक्षण नोंदवले होते. आणि आमच्या घरात निरीक्षणे नोंदवण्याचे काम माझे होते.

हे यंत्र भावाने आणि मी मिळून जोडले. तो जुळे सोलापुरातल्या बिल्डरांसाठी अजून न बांधलेल्या इमारतींच्या चित्रफिती तयार करतो: नसलेल्या जिन्याने वर चढायचे, नसलेल्या गॅलरीतून खाली पाहायचे. अशी एक फीत पूर्ण व्हायला यंत्राला कित्येक तास राबावे लागते, म्हणून प्रोसेसर जितका वेगात चालेल तितके त्याचे काम लवकर उरकते. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे, सात रस्त्याजवळच्या एका शिकवणीत बारावीला शिकवते आणि पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करते. माझा विषय उष्णतेचे वहन. यंत्राचे सुटे भाग आम्ही दोघांनी स्कूटरवरून घरी आणले होते. कॅबिनेट माझ्या मांडीवर आडवे होते आणि प्रत्येक गतिरोधकापाशी भाऊ ओरडत होता, “ताई, पाय मोडला तरी चालेल, काच सांभाळ!”

कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाच्या पलीकडे प्रोसेसर पळवणे याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवला की उष्णता वाढते, आणि ती जितक्या तत्परतेने बाहेर काढता येईल तितकाच वेग टिकतो. पंच्याण्णव अंशांना पोचताच प्रोसेसर स्वतःच वेग आवरता घेतो. म्हणून आमचा नियम असा की, पूर्ण भार देऊन यंत्र एक तास चालवायचे. त्या तासात वेग एकदाही घसरला नाही तर सेटिंग पास. पास झालेली सेटिंगे जपून ठेवण्यासाठी मदरबोर्डवर कप्पे असतात आणि पहिल्या कप्प्यातले सेटिंग घेऊन यंत्र रोज जागे होते. पहिला कप्पा माझा होता. भावाने त्याला नाव दिले होते ‘ताई’. सकाळी बटण दाबले की पडद्याच्या कोपऱ्यात ते दोन अक्षरी नाव क्षणभर चमके. ते पाहायला मी चहाचा कप घेऊन मुद्दाम तिथे उभी राहत असे, हे भावाला कधी कळले नाही.

सोलापुरात उन्हाळ्यात हा उद्योग करणे म्हणजे शर्यतीत वीस पावले मागून पळणे. थंड प्रदेशातले लोक जे आकडे मिरवतात ते त्यांच्या खोलीच्या बावीस अंशांचे देणे असते. म्हणून मी नुसते प्रोसेसरचे तापमान कधीच विचारात घेत नाही; प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानातला फरक घेते. ऋतू बदलला तरी हा फरक जवळपास तोच राहतो. माझ्या सेटिंगचा फरक पन्नास अंश होता. डिसेंबरात पन्नास, आदल्या मे महिन्यातही पन्नास. तो टिकवण्यासाठी मी त्या खोलीत वाळ्याचा कूलर आणायला बंदी घातली होती, कारण आमच्या पाण्यातले क्षार दमट हवेबरोबर सगळीकडे पांढरी पुटे चढवतात. शिवाय समोरच्या पंख्यांवरची धुळीची जाळी मी काढून टाकली होती. तेवढ्याने दोन अंश सुटले होते.

आणि आता फरक होता सत्तावन्न.

“उन्हाळा आहे गं,” भाऊ म्हणाला.

“उन्हाळा खोलीच्या आकड्यात धरलाय. फरक का वाढला ते सांग.”

“फिजिक्सवाल्यांना साधं ऊनही पुरावा मागून लागतं बघ,” तो बायकोकडे पाहून म्हणाला, आणि ती हसली. ती मेकॅनिकल इंजिनिअर आहे. विनोद त्याने केला होता; पण तो तिच्या पक्षातून केलेला होता.

मी त्या संध्याकाळी पद्धतशीर विचार केला. फेब्रुवारीपूर्वी फरक पन्नास. एप्रिलमध्ये सत्तावन्न. प्रोसेसर तोच, पंखे तेच, विद्युतदाब तोच, खोली तीच. मधल्या काळात घरात बदललेला घटक एकच, आणि तो स्वयंपाकघरात आईला कन्नड शिकवत होता. हा निष्कर्ष हास्यास्पद आहे हे मला कळत होते. तरीही तो माझ्या मनातून जाईना, कारण इतर सर्व बाबतींत तो अचूक ठरत होता. प्रोसेसरला उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट लावताना माझ्या शेजारी टॉर्च धरून बसणारा भाऊ आता पेस्ट कशी लावतात ते तिला दाखवत होता. तिच्या माहेरच्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीच्या रीतीने ती मला अक्का म्हणत असे. आणि जन्मल्यापासून ताई म्हणणारा माझा भाऊ पंधरा दिवसांत मला अक्का म्हणू लागला होता. त्याच्या ते लक्षातही आले नव्हते. इतकी वर्षे वापरलेले संबोधन माणूस पंधरा दिवसांत सोडतो, याचा दर मी काढून पाहिला आणि पुढचे गणित सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “अक्का, एक विचारू? पुढचे पंखे हवा ओढतात. ती सगळी हीटसिंकपर्यंत पोचते का?”

हीटसिंक म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा उंच मनोरा; प्रोसेसरची उष्णता त्याच्यात चढते आणि पत्र्यांमधून जाणारी हवा ती घेऊन जाते.

“सगळी कशी पोचेल? काही ग्राफिक्स कार्डाकडे जाते, काही वरून निघून जाते.”

“मग वाट करून दिली तर?”

“म्हणजे?”

“बोगदा. पुठ्ठ्याचा. पंख्यापासून मनोऱ्यापर्यंत.”

कल्पना चांगली होती. ती मला सुचायला हवी होती. दोन वर्षांत मी पंख्यांच्या फेऱ्या मोजल्या, तारा मागे नेऊन बांधल्या, पेस्टचे तीन प्रकार तपासले; आणि हवेला दोन भिंती घालून रस्ता आखून द्यावा, हे मला एकदाही सुचले नाही. मी म्हणाले, “पुठ्ठा टिकणार नाही.” हे उत्तर वैज्ञानिक नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सहा वाजता यंत्राच्या खोलीतल्या हसण्याने मला जाग आली. दोघे जमिनीवर बसले होते. लग्नात आलेल्या चादरींच्या एका खोक्याचा पुठ्ठा कापून तिने बोगदा तयार केला होता. कडा अशा नेटक्या की पट्टी लावून पाहावे. चादरीच्या खोक्यावर मोर छापलेला होता. त्याचा अर्धा पिसारा आता काचेमागे, माझ्या हीटसिंकच्या शेजारी उभा होता.

“अक्का, ५.४!” भाऊ ओरडला. “तासभर! छप्पन्नचा फरक, प्रोसेसर शहाऐंशीच्या वर गेलाच नाही!”

“खोलीत किती आहे?”

“तीस.”

“दुपारी अडतीस असेल. छप्पन्न मिळवलेस की चौऱ्याण्णव. सीमेच्या एक अंश अलीकडे. याला स्थिर म्हणत नाहीत.”

“पण नियमात दुपार कुठं आहे?” भावजय म्हणाली. “तुमचा नियम एक तासाचा आहे. तास झाला की.”

“पास तो पास,” भाऊ म्हणाला.

नियम मीच केला होता आणि त्यात दुपार नव्हती. त्या सकाळी पहिला कप्पा तिचा झाला. भावाने त्याला काय नाव दिले ते पाहायला मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते आपोआप दिसले. त्याने तिच्या माहेरच्या गावाचे नाव दिले होते. ‘दुधनी.’ माझे ५.३ दुसऱ्या कप्प्यात सरकले होते, आणि दुसऱ्या कप्प्यातले सेटिंग कधीच पडद्यावर चमकत नाही.

पुढचा आठवडा मी त्या मोराकडे पाहत काढला. मत्सराची एक गंमत आहे: तो माणसाला कमालीचा अभ्यासू करतो. प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांपेक्षा जास्त लक्ष देऊन मी त्या बोगद्यातून जाणाऱ्या हवेचे गणित मांडले आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आले, की बोगद्याने फरक चार-पाच अंशांनी कमी व्हायला हवा. तो तेवढाच कमी झाला होता. म्हणजे तिचे बरोबर होते. पण मग बोगद्याच्या आधी वाढलेले सात अंश अजूनही यंत्रात कुठेतरी होते. ती ते घालवू शकली नव्हती, नुसती त्यांच्यावर मात करून पुढे गेली होती. ते सात अंश मला हवे होते.

एप्रिलच्या शेवटी ती चार दिवसांसाठी माहेरी गेली. भाऊ पोचवायला गेला आणि जावयाचा पाहुणचार घेत तिथेच राहिला. दुपारी आई झोपली की घर माझे होते. मी बोगदा काढला, हीटसिंकवरचा पंखा सोडवला आणि आतल्या पत्र्यांवर टॉर्च मारला.

पत्रे दिसले नाहीत. त्यांच्या जागी मऊ, सपाट, नमद्यासारखा एक थर होता. चिमट्याने ओढला तर तो अख्खा सुटून आला, हीटसिंकच्याच आकाराचा. धुळीचा रंग करडा असतो. हा गुलाबी होता, आणि मधूनमधून पोपटी.

तो रंग मी ओळखला. लग्नात पुरुषमंडळींना टॉवेल-टोपी द्यायची म्हणून आईने कारखान्यातून टर्किश टॉवेल डझनांनी आणले होते, गुलाबी आणि पोपटी. बरेच उरले. त्याआधी यंत्रावर आईची एक विरलेली सुती साडी पांघरलेली असायची. वर्षानुवर्षे धुऊन तिच्यातून निघण्यासारखे काही उरलेच नव्हते. लग्नानंतर आईने तिची रवानगी पोतेऱ्यात केली आणि यंत्रावर आहेरातले टॉवेल पांघरायला सुरुवात केली. तेही न धुता. कारण धुतला की आहेराचा नवेपणा गेला, असे तिचे मत. आणि भाऊ रोज सकाळी काय करत असे? आधी बटण दाबायचा, मग टॉवेल उचलायचा, आणि आईने लहानपणापासून लावलेल्या शिस्तीप्रमाणे तो दोनदा झटकून त्याची घडी घालायचा. यंत्राच्या तोंडासमोर. पंखे जोरात हवा ओढत असताना, आणि पंख्यांवर जाळी नसताना.

लग्नामुळेच फरक वाढला होता. नवरीमुळे मात्र नाही.

मी ब्रशने आणि शिकवणीतून आणलेल्या ब्लोअरने सगळे साफ केले, ताजी पेस्ट लावली आणि बोगद्याशिवाय माझे ५.३ चालवले. फरक पन्नास. इतका आनंद मला एम.एस्सी.च्या निकालानेही झाला नव्हता. मग दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनला, खोलीत एकोणचाळीस अंश असताना, बोगद्याशिवायच ५.४ लावले. त्या तासात मी खुर्चीवरून उठले नाही. प्रोसेसर चौऱ्याण्णववर जाऊन थांबला आणि वेग हलला नाही. तिने जे पहाटेच्या गारव्यात आणि पुठ्ठ्याच्या आधाराने केले, ते मी भर दुपारी, उघड्या हवेवर केले होते. मी ते पहिल्या कप्प्यात ठेवले आणि नाव देण्याच्या जागी, थोडा वेळ विचार करून, ‘ताई’ लिहिले.

आई उठून खोलीत आली. स्टीलच्या ताटलीत मी तो गुलाबी थर पुरावा म्हणून ठेवला होता.

“हे काय गं?”

“तुझ्या आहेराचे टॉवेल. यंत्राच्या नाकातून काढलेत.”

तिने बोटाने दाबून पाहिले. “बाई गं, किती वाया गेलं. देवाच्या चार वाती झाल्या असत्या की.”

दोघे परतले ते कडक भाकरींचे बोचके घेऊन. भावाने पायातल्या चपला काढायच्या आधी यंत्र सुरू केले आणि पडद्याचा कोपरा पाहून माझ्याकडे वळला.

“ताई?” तो म्हणाला. तो वाचत होता की मला हाक मारत होता, हे मी ठरवू शकले नाही.

मी ताटली पुढे केली आणि सगळे सांगितले: साडी, टॉवेल, झटकणे, दुपारचे तीन, एकोणचाळीस अंश. भाऊ कपाळावर हात मारून खाली बसला. मी मात्र तिच्याकडे पाहत होते. तिचा चेहरा पडेल अशी माझी अपेक्षा होती. सौजन्याने वागण्याची तयारीही मी करून ठेवली होती.

ती ताटली हातात घेऊन हसत सुटली. “म्हणजे माझा बोगदा चोंदलेल्या नाकावर चालला व्हय! तरी ५.४ काढले त्यानं!” मग हसणे थांबले आणि तिने विचारले, “अक्का, बोगदा कुठं ठेवलाय?”

तो कपाटावर ठेवला होता. फेकून देण्याचा विचार दोनदा माझ्या मनात आला होता, आणि दोन्ही वेळा त्याच्या नेटक्या कडांनी माझा हात अडवला होता. चांगले काम मला फेकता येत नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. हा माझ्या शिक्षणाचा दोष आहे.

“वर आहे,” मी म्हणाले. “पण चाचणी दुपारीच घ्यायची. तीन वाजता.”

“दुपारीच की. सकाळचं तुम्हाला पचत नाही.”

“अगं,” भाऊ म्हणाला.

“काय अगं? अक्कांनी चार दिवसांत माझं गाव पुसून टाकलं, तेव्हा कोण अगं म्हणालं?”

मला तिचा राग प्रथमच दिसला, आणि खरे सांगायचे तर त्याने मला फार समाधान वाटले. म्हणजे तिलाही पहिला कप्पा हवा होता. इतके दिवस मी एकटीच या शर्यतीत पळते आहे असे मला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी तिने बोगदा बसवला आणि सरळ ५.५ लावले. विद्युतदाब किती द्यायचा हे तिने मला विचारले नाही, भावालाही विचारले नाही. जेवणानंतर खोलीत एकोणचाळीस अंश झाले. मी तापमापक स्वतः टेबलावर ठेवला, पंख्याच्या झोतापासून दूर. तीन वाजता यंत्रावर पूर्ण भार पडला.

पहिल्या पंधरा मिनिटांत प्रोसेसर नव्वदला गेला. मग एक्क्याण्णव. भाऊ माझ्या आणि तिच्या मधे स्टुलावर बसला होता आणि दोघींशीही बोलायला घाबरत होता. आई दारातून डोकावून म्हणाली, “झालं का भांडण?” ब्याण्णव. मला तो आकडा वाढायला हवा होता. फक्त तीन अंश. मी मनातल्या मनात उन्हाला मदत मागितली. गेला महिनाभर आमच्या भागात दुपारी लाईट जात होती आणि प्रत्येक वेळी मी महावितरणच्या नावाने बोटे मोडली होती. त्या दुपारी मी लाईट जाण्याची वाट पाहिली. नेमकी गेली नाही. पंचेचाळिसाव्या मिनिटाला त्र्याण्णव झाले. तिने हातावरचा घाम ओढणीला पुसला. ती घाबरली आहे हे पाहून मला आशा वाटली, आणि त्या आशेची मला लाज वाटली नाही. त्या पुठ्ठ्यातून जाणाऱ्या हवेचे गणित मी आधीच केलेले होते. आकडा कुठे थांबणार हे त्या खोलीत तिच्याइतकेच मलाही माहीत होते. आणि तरीही मी डोळ्यांनी त्याला वर ढकलत होते.

तो हलला नाही. तास पूर्ण झाला तेव्हा वेगाची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ होती.

भाऊ उठून उभा राहिला आणि आनंद कोणाकडे पाहून व्यक्त करावा हे न सुचून छताच्या पंख्याकडे पाहू लागला. तिने कप्प्यांचे पान उघडले. पहिल्या जागी ५.५, दुसऱ्या जागी माझे ५.४ सरकवले. नावाच्या जागी तिने काही लिहिले नाही. कर्सर लुकलुकत राहिला. मग तिने आमच्या नोंदींची फाइल उघडली, कीबोर्ड उचलला आणि माझ्यासमोर ठेवला.

“आकडे तुम्हीच लिहा, अक्का,” ती म्हणाली. “माझ्या हातचे लिहिले तर उद्या म्हणाल, तापमापक उन्हात होता.”

तापमापक मीच ठेवला होता. तो कुठे आहे हे मी तरीही एकदा वळून पाहिले. तो सावलीत होता. मी लिहिले:

वेग ५.५. खोली ३९. प्रोसेसर ९३. फरक ५४.